एकाचे बोलणे आणि गावाचे बोलणे

टाळी एका हाताने वाजत नाही, असे म्हणतात. बोलणे मात्र एका तोंडाने होऊ शकते. एक मनुष्य बोलत राहतो आणि बाकीचे ऐकत राहतात, असा प्रसंग घरात, शाळेत, देवळात, सभेत आणि न्यायालयातही येतो. अशा बोलण्याला मराठीत एकच नाव नाही. ते कोण बोलतो, कोणापुढे बोलतो, कशासाठी बोलतो आणि ऐकणाऱ्याला उत्तर देण्याची मोकळीक आहे की नाही, हे पाहून भाषेने त्याला निरनिराळी नावे दिली आहेत. या नावांतून समाजाची पारखही दिसून येते. कोणते एकट्याचे बोलणे आदराने ऐकावे आणि कोणते ऐकून सावध व्हावे, हे ती नावेच सांगतात.

प्रथम आदराची नावे पाहावीत. सभेत उभे राहून आपले विचार मांडणे म्हणजे भाषण. एखादा विषय अभ्यासून तो पद्धतशीरपणे समजावून देणे म्हणजे व्याख्यान. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि नवे विचार लोकांना ऐकविण्याची एक रीतच महाराष्ट्रात रूढ झाली. धर्मग्रंथातील वचन घेऊन शांतपणे बसून त्याचा अर्थ सांगणे म्हणजे प्रवचन. त्या वचनाचा एकेक पदर उलगडून दाखविणे म्हणजे निरूपण. चांगले वागावे म्हणून वडीलधाऱ्यांनी केलेले सांगणे म्हणजे उपदेश. या सर्वांत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात. परंतु ऐकणारे आपल्या इच्छेने आलेले असतात. ते काही मिळावे म्हणून ऐकतात. म्हणून ही नावे घेताना मराठी माणसाच्या मनात अढी नसते.

कीर्तनाचा प्रकार याहून निराळा आहे. कीर्तनकार एकटाच बोलतो, असे दुरून पाहणाऱ्याला वाटते. नारदीय कीर्तनात तो पूर्वरंगात एखादे पद किंवा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो आणि उत्तररंगात त्याला साजेसे आख्यान सांगतो. वारकरी कीर्तनात त्याच्या मागे टाळकरी उभे असतात. त्याने अभंगाचे चरण म्हटले की टाळकरी ते उचलतात आणि मृदंग त्यांना साथ देतो. श्रोतेही विठ्ठलनामाच्या गजरात सामील होतात. पोवाड्यातही तसेच आहे. शाहीर कडवे म्हणतो आणि त्याच्यामागचे झीलकरी ‘जी जी’ म्हणून सूर धरतात. आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवंडांना मध्ये मध्ये ‘हं’ म्हणावे लागते. त्या हुंकारावाचून तिची गोष्ट पुढे सरकत नाही. हुंकार लहान असला तरी तो ऐकणाऱ्याचा वाटा आहे. तो थांबला म्हणजे मुले झोपली, हे आजीला अंधारातही कळते.

कीर्तनाने मराठीला एक सुंदर म्हणही दिली आहे. कीर्तनकार, म्हणजेच हरदास, एक दृष्टांत देतो. त्यातून दुसरा दृष्टांत निघतो. दुसऱ्यातून एखादा विनोद निघतो. श्रोते हसतात, रमतात. पण शेवटी हरदास आरंभीच्या पदावर परत येतो. त्यावरून ‘हरदासाची कथा मूळ पदावर’ ही म्हण निघाली. कीर्तनात मूळ पदावर येणे हा गुण आहे. परंतु जो मनुष्य दुसऱ्याने काहीही सांगितले तरी फिरून आपल्याच मुद्द्यावर येतो, त्याच्याविषयी हीच म्हण थट्टेने वापरली जाते. एका ठिकाणचा गुण दुसऱ्या ठिकाणी दोष कसा ठरतो, हे या म्हणीवरून दिसते.

नाटकाच्या जगात तर एकट्याच्या बोलण्याचे बारकावे फार जुन्या काळापासून नोंदलेले आहेत. रंगभूमीवरील पात्र आपल्याच मनाशी बोलते त्याला स्वगत म्हणतात. ते प्रेक्षकांना ऐकू येते. पण शेजारी उभ्या असलेल्या पात्राला ऐकू येत नाही, असे मानावयाचे असते. सर्वांना ऐकू जाईल असे बोलणे म्हणजे प्रकाश. बाकीच्यांना वगळून एकालाच सांगितल्यासारखे बोलणे म्हणजे जनान्तिक. समोर कोणीही नसताना वर पाहून, जणू कोणी काही विचारले आहे अशा रीतीने बोलणे म्हणजे आकाशभाषित. संस्कृत नाट्यशास्त्रात भाण नावाचा एक नाट्यप्रकार सांगितला आहे. त्यात आरंभापासून शेवटपर्यंत एकच नट असतो. तो ‘काय म्हणतोस?’ असे विचारतो, न ऐकू आलेले उत्तर स्वतःच उच्चारतो आणि त्याला प्रत्युत्तरही देतो. मराठीतील एकपात्री प्रयोगही एकच नट सादर करतो. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली आणि लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात एकट्याने वऱ्हाडी मंडळींची गर्दी रंगभूमीवर आणली. येथे बोलणारा एक असला तरी आवाज अनेकांचे असतात. एकट्याच्या तोंडून इतरांचेही म्हणणे ऐकू यावे, ही या कलेची करामत होय.

आता बोलण्याची दुसरी बाजू पाहावी. जुन्या काळी गावात काही कळवावयाचे असले म्हणजे दवंडी पिटीत. दवंडीवाला चौकाचौकात थांबून वाद्य वाजवी, ‘ऐका हो ऐका’ अशी आरोळी ठोकी, सांगावयाचे ते सांगे आणि पुढे जाई. त्याला प्रश्न विचारण्यात अर्थ नसे. कारण तो केवळ निरोप पोचविणारा. राजाचे फर्मान सुटे आणि अधिकाऱ्याचा हुकूम येई. फर्मान ‘सुटते’, हुकूम ‘येतो’. पण ठराव मात्र ‘मांडला’ जातो. या क्रियापदांतच मोठा भेद आहे. सुटलेला बाण परत घेता येत नाही. मांडलेली वस्तू मात्र लोक हातात घेऊन पाहू शकतात, उलटसुलट करू शकतात, आणि पसंत नसल्यास ती परतही करू शकतात.

दोषाची नावे तर मराठीत विपुल आहेत आणि ती बहुतेक घरातून, शेतातून व रानातून आलेली आहेत. लांबण लावून बोलणे म्हणजे पाल्हाळ. चऱ्हाट म्हणजे जाड व लांब दोर. कोणी संपता संपत नाही असे बोलू लागला की त्याने चऱ्हाट वळावयास घेतले, असे म्हणतात. गुऱ्हाळात उसाचा रस कढईत तासन्‌तास आटवीत बसावे लागते; त्यावरून लांबलेल्या चर्चेला गुऱ्हाळ म्हणू लागले. उसाच्या गुऱ्हाळातून निदान गूळ तरी निघतो. चर्चेच्या गुऱ्हाळातून पुष्कळदा काहीच निघत नाही. अर्थ न समजता पाठ म्हणणे ती पोपटपंची. तुणतुण्याला एकच तार असते; म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा आपलेच तुणतुणे वाजवितो. जो इतरांना पुढे येऊच देत नाही, तो आपलेच घोडे दामटतो. मोठ्याने बोलणाऱ्याच्या मागे उभे राहून जे विचार न करता मान डोलावतात, ते त्याची री ओढतात किंवा झील धरतात. पोवाड्यातील झीलकऱ्याचे काम सुराचे असते. सभेतील झीलकरी मात्र आपली बुद्धी घरी ठेवून आलेला असतो.

भाषेने केवळ बोलणाऱ्यालाच दोष दिलेला नाही. न ऐकणाऱ्यालाही तिने सोडलेले नाही. घडा पालथा ठेवला आणि त्यावर कितीही पाणी ओतले तरी थेंबही आत जात नाही. म्हणून कितीही सांगून ज्याच्यावर परिणाम होत नाही, त्याला सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. रानात एकट्याने रडावे आणि ते कोणीही ऐकू नये, तसे ज्याचे दुःख कोणाच्या कानी जात नाही, त्याचे बोलणे अरण्यरुदन ठरते. पहिल्या म्हणीत सांगणारा सबळ आणि ऐकणारा हट्टी असतो. दुसऱ्या शब्दात सांगणारा दुबळा आणि ऐकणारा बेफिकीर असतो. बोलणे एकाच बाजूचे राहिले ते दोन्हीकडे. पण दोष मात्र दोन्हीकडे ऐकणाऱ्याचा आहे.

या सर्व शब्दांत ‘एकतर्फी’ हा शब्द विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. तर्फ म्हणजे बाजू. न्यायालयातही हा शब्द येतो. दिवाणी दाव्यात बोलावणे मिळूनही प्रतिवादी हजर राहिला नाही, तर न्यायाधीश वादीचेच म्हणणे ऐकून निकाल देऊ शकतात. त्याला एकतर्फी निकाल म्हणतात. परंतु न येण्याचे योग्य कारण प्रतिवादीने दाखविले, तर तो निकाल रद्द करून दावा पुन्हा चालविण्याची सोय कायद्यात ठेवलेली आहे. एका बाजूचे ऐकून झालेला न्याय अपुरा असू शकतो, हे कायद्यालाही मान्य आहे. ‘एकांगी’ हा शब्द याच्या जवळचा आहे. पण त्याचा रोख विचारावर असतो. एकतर्फी बोलण्यात दुसऱ्याला बोलू दिलेले नसते; एकांगी बोलण्यात दुसऱ्या बाजूचा विचारच केलेला नसतो.

हा भेद पुस्तकापुरताच नाही. तो गावच्या जीवनात किती मोलाचा ठरतो, हे राळेगणसिद्धीच्या हकीकतीवरून समजते.

राळेगणसिद्धी हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील लहानसे गाव. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस वर्षाला सुमारे 400 ते 500 मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. पन्नास वर्षांपूर्वी या गावाची स्थिती दयनीय होती. पडलेले पाणी उतारावरून वाहून जाई व आपल्याबरोबर मातीही नेई. गावाजवळचा पाझर तलाव गळका होता. शेती पिकत नसे. गावात दारूच्या भट्ट्या पेटत आणि घरांतील चुली मात्र थंड राहत. संत यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा भट्ट्यांत जळाले होते.

1975 साली अण्णा हजारे लष्करातील नोकरी संपवून गावी परतले. ते लष्करात वाहनचालक होते. लष्करात हुकूम होतो आणि तो पाळला जातो, तेथे ‘का?’ असे विचारण्याची रीत नाही. गाव म्हणजे पलटण नव्हे. गावात कोणी कोणाचा हुकमाचा ताबेदार नसतो. अण्णांनी प्रथम आपल्या साठविलेल्या पैशांतून देवळाचा जीर्णोद्धार केला. लोक देवळात बसू लागले आणि बसता बसता गावाच्या दुःखाविषयी बोलू लागले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पावसाचे पाणी अडवून जिरविण्याचे काम केले होते. ते पाहून राळेगणातही नालाबांध घालण्यात आले, उतारावर चर खणण्यात आले, आणि गळका पाझर तलाव श्रमदानाने दुरुस्त झाला. तलावाखालच्या विहिरींना पाणी आले. जमिनीनेच जणू दाखवून दिले की ती पालथा घडा नाही. तिच्यात पाणी जिरण्यासाठी ते थांबवावे मात्र लागते.

पाणी अडविण्यापेक्षा माणसांना एकत्र आणणे अवघड होते. गावाने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान अशी पाच सूत्रे स्वीकारली. ही सूत्रे उच्चारावयास सोपी आहेत. पण प्रत्येक सूत्र कोणाच्या तरी पोटाशी येऊन भिडते. ज्याची शेती मोठी आहे, त्याला चराईबंदीने गवत वाढले याचा आनंदच होईल. परंतु जिच्याजवळ चार शेळ्यांवाचून दुसरे काही नाही, त्या बाईने त्या कोठे चाराव्यात? टेकडीवरील झाड तोडू नये हे खरे; मग ज्याच्या घरी सरपण नाही, त्याने चूल कशी पेटवावी? असे प्रश्न ज्यांच्यापुढे उभे राहतात, त्यांना ते सर्वांसमक्ष विचारण्याची संधी मिळाली पाहिजे. तशी संधी मिळाली, तर नियम गावाचा होतो. न मिळाली, तर तो लादलेला राहतो.

आरंभीच्या दिवसांत राळेगणात कठोर मार्गही वापरले गेले. सांगूनही दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्यात आले. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांना त्यामुळे सुटका मिळाली, असे काहींना वाटले. तर भल्या कामासाठीही मार देणे योग्य नव्हे, अशी टीका इतरांनी केली. चाबूक ही एकतर्फी भाषेची शेवटची पायरी होय. कारण त्याला शब्दाने उत्तर देता येत नाही. गावाच्या हकीकतीतील हा भाग झाकून ठेवण्यासारखा नाही. सर्वांच्या हिताची गोष्टसुद्धा कोणत्या भाषेत सांगावी, हा प्रश्न त्यामुळेच स्पष्टपणे पुढे येतो.

या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभेत सापडते. गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत, ते सर्व स्त्रीपुरुष ग्रामसभेचे सदस्य असतात. सरपंच निवडून येतो. ग्रामसभा मात्र निवडून येत नाही, कारण ती म्हणजे गावच होय. 1992 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले आणि ती दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली. राळेगणसिद्धीत त्यापूर्वीपासूनच गावाचे निर्णय ग्रामसभेत घेण्यावर भर होता आणि गावाचा नावलौकिक होण्यात त्याचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा भरविण्याची तरतूद कायद्याने केली आहे. जेथे वडीलधाऱ्या पुरुषांपुढे बोलण्याचा संकोच वाटतो, तेथे स्त्रियांचे म्हणणे आधी नोंदले जावे, हा त्यातील हेतू. नाही तर सभा सर्वांची आणि आवाज अर्ध्यांचाच, असे व्हावयाचे.

ग्रामसभेची स्वतंत्र शब्दसंपत्ती आहे. कोणी ठराव मांडतो, तो सूचक. कोणी त्याला पाठिंबा देतो, ते अनुमोदन. कोणाला तो मान्य नसतो, तो हरकत घेतो. कोणी त्यात बदल सुचवितो, ती दुरुस्ती. मग मते घेतली जातात आणि झालेल्या गोष्टी इतिवृत्तात लिहिल्या जातात. या शब्दांत ‘हरकत’ आणि ‘दुरुस्ती’ हे दोन सर्वांत मोलाचे. हे दोन शब्द जेथे उच्चारले जाऊ शकतात, तेथे बोलणे एकतर्फी राहत नाही. सर्वांनी हात वर केले म्हणून ते एकमत असेलच असे नाही. विचार करून वर झालेला हात आणि शेजाऱ्याचा हात पाहून वर झालेला हात, हे दिसावयास सारखेच असतात. त्यांतील भेद ओळखावयाचा, तर सभेत हरकत घेणाऱ्याकडे लोक कसे पाहतात, हे पाहावे. त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले जात असेल, तर त्या गावाचे एकमत खरे समजावे.

हाच विचार पुढे गावाबाहेरही गेला. सरकारने लोकांना सांगावे आणि लोकांनी ते ऐकावे, अशी रीत फार दिवस चालत आली होती. कामासाठी किती पैसा आला आणि तो कोठे खर्च झाला, असे विचारणाऱ्याला उत्तर मिळेलच याची खात्री नसे. त्याचे विचारणे अरण्यरुदन ठरे. माहितीच्या अधिकारासाठी देशात अनेक ठिकाणी लोकांनी चळवळी केल्या. महाराष्ट्रात त्या चळवळीचे नेतृत्व राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी केले. 2005 साली संपूर्ण देशासाठी माहितीचा अधिकार देणारा कायदा झाला. या कायद्याप्रमाणे नागरिकाने कार्यालयाला लेखी प्रश्न विचारावा आणि कार्यालयाने सामान्यतः 30 दिवसांत उत्तर द्यावे, असे ठरले. एका बाजूनेच वाहणाऱ्या बोलण्याला कायद्याने परतीची वाट करून दिली.

बोलण्याप्रमाणे न बोलण्यालाही अर्थ असतो. ऑक्टोबर 2011 मध्ये अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत मौनव्रत धरले आणि नोव्हेंबरच्या आरंभी ते दिल्लीस राजघाटावर सोडले. त्यापूर्वी काही महिने त्यांची भाषणे देशभर ऐकली जात होती. स्वतःच्या इच्छेने धरलेले मौन हे व्रत असते. भीतीने, लाजेने किंवा ‘आपले कोण ऐकणार?’ या निराशेने आलेली शांतता ही मात्र मौन नव्हे. तिला मुकेपण म्हणावे. सभेत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून सभा चालविणाऱ्याने आणि सभेत बसणाऱ्यानेही त्यांतील भेद जाणला पाहिजे.

भाषण, प्रवचन, कीर्तन यांची गरज समाजाला नेहमीच राहील. ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याने बोलावे आणि बाकीच्यांनी लक्ष देऊन ऐकावे, यात कमीपणा नाही. चांगले ऐकणे हेही शिकावे लागते. परंतु जो निर्णय सर्वांच्या अंगावर यावयाचा आहे, तो एकाच्या तोंडून सुटू नये. तो सर्वांपुढे मांडला जावा. गावाच्या पाण्याचा निर्णय असो, वर्गाच्या सहलीचा असो, की घरातील लहानशा गोष्टीचा असो, सर्वांत शेवटी बसलेल्या, अजून एकही शब्द न बोललेल्या माणसाकडे वळून ‘तुमचे काय म्हणणे आहे?’ असे कोणी तरी विचारले पाहिजे. त्या एका प्रश्नाने एकाचे बोलणे गावाचे बोलणे होते.

अभ्यास

1. व्याख्यान, प्रवचन आणि कीर्तन यांतील भेद थोडक्यात लिहा.
2. ‘फर्मान सुटते, ठराव मांडला जातो’ या क्रियापदांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
3. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ व ‘अरण्यरुदन’ यांत ऐकणाऱ्याचा दोष कसा दाखविला आहे?
4. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : चऱ्हाट वळणे, री ओढणे, आपलेच घोडे दामटणे, हरकत घेणे.
5. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेपुढे आला आहे, अशी कल्पना करा. चार शेळ्या पाळणारी बाई व मोठा शेतकरी यांचा संवाद लिहा. दोघांनाही आपले म्हणणे पूर्णपणे मांडू द्या.